अजीजनं काढलेला शेवंताचा फोटो

अजीज फोटोवाल्याशी माझं वीस वर्षं भांडण होतं. त्याला कारण असं काही लागायचं नाही. लातूरच्या गंजगोलाईमागच्या गल्लीत माझं फ्रेमचं दुकान आणि त्याचा स्टुडिओ यांच्यात एकच भिंत, तीही चार इंची. मी खिळा ठोकला की त्याच्याकडचं घड्याळ बंद पडायचं आणि तो पलीकडून ओरडायचा, "मलप्पा, भूकंप झाला का रं?" आमच्या भागात या शब्दाची थट्टा करू नये, हे त्यालाही कळत होतं. तरी करायचा. मला राग यायचा आणि मी आणखी जोरात ठोकायचो.

माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे सांगणार आहे ते ऐकून कुणी त्याला नावं ठेवील. ठेवायचीच असतील तर निम्मी माझ्या वाट्याची ठेवा.

त्याचा बाप फोटोवाला, आजा निजामाच्या राज्यात तसबिरी रंगवणारा. अजीजचा जुना फिल्मचा कॅमेरा चांगला होता, पण त्याच्या भिंगाला बुरशी लागली आणि फिल्म धुणारी लॅबही बंद पडली. मोठा डिजिटल घ्यायची ऐपत नव्हती. २००५ साली त्याचा मेहुणा मोहसीन जेद्दाहून सुट्टीवर आला, तेव्हा त्यानं एक छोटा डिजिटल कॅमेरा आणून दिला. साबणाच्या वडीएवढा. मी बघून हसलो. म्हटलं, "आता ह्या खेळण्यानं लग्नं काढणार का?"

"अंगण वाकडं म्हणणारे लई बघितले मी," अजीज म्हणाला. "माझं अंगण खरंच वाकडं हाय. मला नाचायलाच नीट शिकावं लागंल."

आणि शिकला की बेटा! त्या कॅमेऱ्याचे दोष त्यानं आठ दिवसांत पाठ केले. त्याचा फ्लॅश चेहऱ्यावर पिठासारखा पडायचा, म्हणून त्यावर मिठाईवाल्याकडचा बटर पेपर रबरानं बांधला. अंधारात फोटोवर बारीक रवा सांडल्यासारखा दिसायचा, म्हणून सकाळी दहा ते अकराच्या मधल्या उजेडातच माणसं बसवायची. मागचं सगळं स्वच्छ यायचं, चुलीवरच्या भांड्यापासून दोरीवरच्या लुंगीपर्यंत. मोठ्या कॅमेऱ्यात ते आपोआप धूसर होतं, यात होत नसे. मग माणसाला भिंतीपासून पंधरा पावलं पुढं बसवायचं, आपण जितकं मागं सरता येईल तितकं सरायचं आणि झूम पूर्ण ताणायचा. झूम ताणला की हात हलायचा, म्हणून स्टुलावर ज्वारीची छोटी पिशवी, तिच्यात खळगा करून कॅमेरा ठेवायचा. पेन्सिल सेल लवकर उतरायचे. ते काढून काखेत धरायचे, की आणखी चार-पाच फोटो निघायचे.

सगळ्यात मोठा दोष असा, की बटण दाबल्यावर फोटो लगेच निघत नसे. मध्ये एक क्षण जायचा. हसणाऱ्या माणसाचा फोटो काढावा तर हसून झालेल्या माणसाचा यायचा. यावर औषध नव्हतं. अजीज म्हणायचा, "हाय की. जे घडणार हाय ते आधी कळाय पायजे, मंग बटन दाबायचं." मी म्हणायचो, "मग फोटो कशाला काढतोस, कुडमुड्या जोशी हो."

त्या वर्षीच्या भाद्रपदात सिंधुबाई आली. किल्लारीची. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी आणि मागं सात वर्षांची पोर. आधी माझ्याच दुकानात शिरली, मी तिला शेजारी पाठवलं आणि स्वतःही गेलो, कारण मला राहवत नाही.

"तुम्हीच का अजीजभाई? भूकंपात आमच्याकडं आलते म्हनं, फोटू काढाया."

"आलतो," अजीज म्हणाला.

"मंग माझ्या शेवंताचा असंल का त्यात? सात वर्साची व्हती."

अजीज त्र्याण्णवच्या भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी एका पेपरवाल्याबरोबर किल्लारीला गेला होता, हे खरं. छत्तीस फोटोंचा एक रोल त्यानं काढला होता. त्यात दगडांचे ढीग होते, एक उलटी पडलेली बाज होती, शाबूत राहिलेली एक चूल होती. माणूस एकही नव्हता. माणसांकडं कॅमेरा करायची त्याची छाती झाली नाही. ते फोटो त्यानं पत्र्याच्या डब्यातून काढून सिंधुबाईपुढं ठेवले. तिनं एकेक हातात घेऊन सावकाश पाहिला. मग म्हणाली, "न्हाई यात."

त्या दिवसांत जगभरचे कॅमेरे किल्लारीला येऊन गेले. शेवंताचा फोटो त्यांतल्या कुणाकडं असणार? ती जिवंत होती तेव्हा कुणी काढलाच नव्हता. सिंधुबाई सांगत होती, त्या दिवाळीला लातूरला नेऊन काढायचा ठरलं होतं. दिवाळीला दीड महिना कमी पडला. घर सासूवर आणि शेवंतावर बसलं. नवरा, आप्पासाहेब, रात्रीचा शेतात राखणीला होता. सिंधुबाईला दुपारी उकरून काढली.

"पंधरा वीस वर्सं झाली की माणसाचं तोंड इसरतं म्हनतेत," ती म्हणाली. "मला अजून दिसतंय. डोळं मिटलं की म्होरं उभी ऱ्हाती. पर म्हातारी झाल्यावर दिसंल का, ह्येचं भ्या वाटतं. म्हून म्हनलं, कुठं कागदावर असली तर बघावी."

तिला एवढंच पाहिजे होतं. तिच्या पोरीचा चेहरा कुठंतरी कागदावर असावा.

अजीज बराच वेळ त्या लहान पोरीकडं बघत होता. ती बाकावर पाय हलवत बसली होती, पुढचे दोन दात पडलेले.

"ही तनुजा," सिंधुबाई म्हणाली. भूकंपात लेकरं गेलेल्या कितीतरी बायकांनी तेव्हा कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन पुन्हा उघडून घेतलं, त्यांतली ही एक; शेवंताच्या वेळी जिवावर बेतलं म्हणून हिचं ऑपरेशन झालं होतं. पाच वर्षांनी तनुजा झाली. "गावात समदे म्हनतेत, शेवंताच माघारी आली. मी म्हनते, न्हाई बाबा. ती येगळी, ही येगळी. तोंडवळा मातर त्योच हाय."

"तिचे पन ह्या वयात दात पडले होते का?" अजीजनं विचारलं.

"ह्येच दोन."

"आठ दिवसांनी या. हिला घेऊन या. शेवंता कसला झगा घालायची तसला शिवून आना, केसं कशी बांधायची ते ध्यानात ठेवा."

तिला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तिनं पदर तोंडात धरला आणि होय म्हणून मान हलवली.

ती गेल्यावर मी अजीजला झाडला. "जित्या लेकराचा फोटो मेलेल्याच्या नावानं काढू नये. तुमच्यात चालत असंल, आमच्यात न्हाई चालत."

"आमच्यात तर फोटोच चालत न्हाई म्हनतेत मौलाना," तो म्हणाला. "आईच मागतीया, मलप्पा. मी तवा गेलो तिथं, छत्तीस फोटो काढले, अन् एकबी माणूस न्हाई काढलं. आता कुठल्या तोंडानं न्हाई म्हनू?"

खरं सांगायचं तर त्या साबणाच्या वडीतून तो हे कसं काढतो, हे मला बघायचं होतं.

आठ दिवसांनी सकाळी नऊलाच त्या मायलेकी आल्या. सिंधुबाईनं पोपटी झगा शिवून आणला होता, गळ्याला पांढरी पट्टी. अजीजच्या बायकोनं, कमरुन्निसाभाभीनं, तनुजाच्या डोक्याला तेल लावलं, सिंधुबाई सांगेल तसा उजव्या बाजूला भांग पाडला आणि दोन वेण्या घालून लाल फिती बांधल्या. अंगणाच्या टोकाला करडी चादर टांगली. पोरीला दाराच्या उजेडात स्टुलावर बसवली. एका बाजूनं मी थर्माकोलचा पत्रा धरून उभा, म्हणजे गालावर सावली पडू नये. भाभी खाली बसून स्टीलची परात तिरकी धरून, म्हणजे हनुवटीखाली उजेड यावा. अजीज लांब, जवळजवळ मोरीत, ज्वारीच्या पिशवीवर डोळा लावून पालथा पडलेला. बाहेरच्या माणसानं पाहिलं असतं तर म्हणाला असता, ह्यांना वेड लागलंय.

पण फोटो येईना. पोर आमच्याकडं बघून हसायची, नाहीतर शाळेत तपासणीला साहेब आल्यासारखी ताठ बसायची. अठ्ठावीस फोटो झाले. कार्डावर चारच उरले, सेल उतरत आले. अजीज ते काखेत धरून उभा राहिला आणि सिंधुबाईला म्हणाला, "ताई, तुम्ही माझ्या मागं उभ्या राहा. हाक मारा तिला."

"तनुजा," तिनं हाक मारली. पोर ताठ बसली आणि हसली. एक फोटो गेला.

मग सिंधुबाईनं आपणहून, कुणी न सांगता, दुसरी हाक मारली. "शेवंता."

पोरीनं लक्षच दिलं नाही. ती परातीकडं बघत होती.

"शेवंता, अगं."

तिनं आईकडं पाहिलं नाही, पण पाय हलवायचे थांबवले. अजीजनं ते पाहिलं. तिसरी हाक यायच्या आतच त्यानं बटण दाबलं. "शेवंताऽ" अशी हाक संपली, पोरीनं मान वळवून वर बघितलं आणि नेमका तेव्हा कॅमेरा उघडला.

तो फोटो मी नंतर कितीदा पाहिलाय. परक्या नावानं हाक आलीय, आणि ओ द्यावी की नाही हे ते लेकरू ठरवतंय. ओठ किंचित उघडे, पडलेल्या दातांची खिंड दिसतेय. मागची चादर धूर झालीय. डोळ्यांत दाराचा उजेड बरोब्बर आहे. मोठ्या कॅमेऱ्यानं तो फोटो निघाला नसता, कारण मोठ्या कॅमेऱ्यानं अजीज एक क्षण आधीच घाई करून मोकळा झाला असता.

सिंधुबाईनं त्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर पाहिलं आणि ती तिथंच, मोरीच्या कडेला, जमिनीवर बसली. "आली की गं माझी बाय," म्हणाली.

तनुजा धावत आली. तिनंही पाहिलं. "आई, मी हाय ती."

"गप," सिंधुबाई म्हणाली.

तेव्हा आम्ही कुणी त्या 'गप'कडं लक्ष दिलं नाही. अजीज तर आनंदानं नाचायचाच बाकी होता.

फ्रेम मी केली. गेलेल्या माणसाची फ्रेम करायची आमची रीत ठरलेली आहे. काळी पट्टी, हार अडकवायला वर दोन खिळे, खाली नाव आणि तारीख. ती गिऱ्हाइकाला सांगून द्यायची, की हा फोटो जित्या माणसांच्या फोटोंच्या रांगेत लावू नका. मी सगळं रीतसर केलं. खाली पांढऱ्या रंगानं अक्षरं काढत होतो, तेव्हा तनुजा माझ्या खांद्यापाशी उभी राहून वाचत होती. दुसरीत होती, नवं नवं वाचन.

"कै. कु. शेवंता," तिनं वाचलं. "मलप्पाकाका, कै म्हंजी काय?"

"काही न्हाई बाई. नावाच्या आधी लावतेत."

एवढं खोटं मी त्या आधी कुठल्या लेकराशी बोललो नव्हतो. पण हात थांबवला नाही. अक्षरं सुबक आली होती.

त्या फोटोनं अजीजला लई मान मिळाला. नांदेडला फोटोवाल्यांची एक स्पर्धा झाली, तिथं त्यानं तो पाठवला. बाकीच्यांच्या गळ्यात हातभर लांबीची भिंगं. हा खिशातून साबणाची वडी काढून दाखवायचा, तर कुणाचा विश्वास बसेना. दुसरा नंबर आला. पितळेची ढाल घेऊन आला, गल्लीत पेढे वाटले, मलाही दोन दिले. मी खाल्ले. ढाल स्टुडिओत समोरच टांगली आणि पुढं कितीतरी दिवस येईल त्याला तो तिसऱ्या हाकेची गोष्ट सांगायचा. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. अजीजच्याही यायचं, दर वेळी.

पुढं लातूर बदललं. गल्लीबोळांत क्लासेस निघाले, घरोघर पोरापोरींची होस्टेलं झाली, चौकाचौकांत गुणवंतांचे फ्लेक्स लागले. अजीजला फॉर्मच्या फोटोंची ददात राहिली नाही. त्यानं एक नवीनच टूम काढली. खुंटीवर पांढरा कोट आणि गळ्यात घालायची नळी टांगून ठेवली. चाकूरकडून, मुदखेडकडून, कुठून कुठून आईबाप पोरांना अकरावीला घालायला आणायचे आणि प्रवेशाच्या दिवशीच पोराला तो कोट चढवून डॉक्टर म्हणून फोटो काढून घरी न्यायचे. पोर अजून दहावीच्या मार्कांतून सावरलेलं नाही, आणि गावाकडं भिंतीवर डॉक्टर होऊन बसलेलं! मी म्हणायचो, "अजीज, ह्यातले किती डॉक्टर झाले रं?" तो म्हणायचा, "मी फोटो काढतो. निकाल न्हाई लावत."

२०१४ च्या जूनमध्ये एक मुलगी आली. चष्मा, कपाळावर पुटकुळ्या, पाठीला दप्तर. क्लासच्या फॉर्मवर चिकटवायला फोटो पाहिजे होता, आणि ती दारातून आत यायला तयार नव्हती.

"न काढता चालंल का चाचा? जुना एखादा असंल ना तुमच्याकडं माझा?"

"तुझा? कोन तू?"

"तनुजा. किल्लारीची."

अजीज किती खूश झाला! कमरुन्निसाभाभीला हाका मारल्या, मला भिंतीवर धपाधप मारून बोलावलं. तिला हाताला धरून आत आणली, ढाल दाखवली, खुंटीवरचा कोट काढला. "ये, तुझा असा फोटो काढतो की आईनं बघत ऱ्हावं."

पोरगी मागं सरली. "मला नको फोटो," म्हणाली. आणि मग जे बोलली ते उभ्यानंच बोलली, आवाज न चढवता, जसं एखादं उत्तर पाठ केलेलं असावं.

"घरात माझा एकबी फोटो न्हाई. आई म्हनती, एक हाय की तोंडवळ्याचा, दुसरा कशाला? रोज दिवा लावती त्याला. पाव्हनं आले की आदी फोटोकडं बघतेत, मंग माझ्याकडं, मंग चुकचुक करतेत. माझ्या वाढदिवसाला आई सांगती शेवंता आज किती वर्साची असती. मला मागल्या साली टायफाइड झाला, तर आई फोटोम्होरं बसून रडली. मी खाटंवर हुते. ती तिकडं तोंड करून रडत हुती, चाचा."

अजीजच्या हातात कोट तसाच राहिला.

"मला सात वर्सांची असताना वाटायचं, आपन मेलोय आन् आपल्याला कुनी सांगत न्हाई," ती म्हणाली. "आता तसं वाटत न्हाई. आता कळतंय. पर फोटो नको वाटतो."

भाभीनं तिला जवळ घेतलं. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. ती पोर माझ्या खांद्यापाशी उभी राहून अक्षरं वाचत होती, तेव्हा तिला काय कळलं असेल, याचा विचार मी नऊ वर्षांत एकदाही केला नव्हता. माझीच मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर ढाल भिंतीवर नव्हती. अजीज म्हणाला, "मलप्पा, चूक माझी हाय, मीच दुरुस्त करनार." मी म्हटलं, "दगड काढून नवीन घर बांधता येतं, हे कसं दुरुस्त करतोस?" तो चिडला. म्हणाला, "तू फ्रेम कर. बाकी माझ्यावर सोड."

त्यानं तनुजाची समजूत काढली. तीन-चार रविवार गेले त्यात. शेवटी ती बसली. त्याच दारात, त्याच कॅमेऱ्यासमोर, आता त्याचं सेलचं झाकण चिकटपट्टीनं बांधलेलं. या वेळी अजीजनं कोणतीच करामत केली नाही. थर्माकोल नाही, परात नाही, करडी चादर नाही. चष्म्यावर दाराची चौकट चमकत होती तीही तशीच राहू दिली. फोटोत एक सोळा वर्षांची, जराशी रागावलेली मुलगी आली. फार सुंदर फोटो होता असं मी म्हणणार नाही. पण तो तिचा होता, दुसऱ्या कुणाचा नव्हता. तिनं तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "ही मी हाय व्हय?" आणि पहिल्यांदा हसली.

मी त्याला सोनेरी पट्टीची फ्रेम केली. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं तनुजाबरोबर किल्लारीला गेलो, औशावरून जीपनं. वाटभर अजीज ती फ्रेम मांडीवर धरून बसला होता. त्याचा बेत ठरला होता. जुना फोटो उतरवायचा, हा लावायचा. सिंधुबाई सुज्ञ बाई आहे, तिला सांगितलं की कळेल.

नव्या किल्लारीतलं ते सरकारी घर. सिंधुबाई आता पुरती म्हातारी दिसत होती. आम्हाला बघून तिला आनंद झाला, चहा टाकला, चिवडा पुढं केला. आप्पासाहेब शेतात होता. समोरच्या भिंतीवर तोच फोटो, झेंडूचा ताजा हार घातलेला. त्या भिंतीवर दुसरं काही नव्हतं.

अजीजनं कागद सोडून नवी फ्रेम तिच्या हातात दिली. तिनं पदरानं काच पुसली. "झ्याक आलाय," म्हणाली. "आमची बाय गुनाची हाय. लई अभ्यास करती."

"ताई, हा तिथं लावा," अजीज म्हणाला. "अन् तो काढा आता."

सिंधुबाईनं माझ्याकडं पाहिलं. "मेल्याल्याच्या रांगंत जित्याचा लावू नका, म्हून ह्या मलप्पांनीच सांगितलंय. कसा लावू? एकच तोंड, एकाला हार आन् एकाला न्हाई. अपशकून व्हतोय लेकराला."

"म्हणूनच म्हंतो, तो काढा. ताई, ती शेवंता न्हाई. तीबी तनुजाच हाय. तुम्हाला ठाव हाय, मला ठाव हाय. मी फोटो काढला. तो खोटा हाय."

मला वाटलं ती ओरडेल. नाहीतर रडेल. तनुजा दाराच्या चौकटीला धरून उभी होती. सिंधुबाई अगदी साधेपणानं बोलली, जसं शेजारणीला सांगावं तसं.

"मला काय कळत न्हाई व्हय अजीजभाई? प्वाटची पोर हाय माझ्या. मला समदं कळतंय. पर तुम्हाला एक सांगते. ह्यो फोटो आनायच्या आदी मी डोळं मिटलं की शेवंता दिसायची. खरी. ह्यो भिंतीवर आला, आन् दिसायची थांबली. डोळं मिटलं की ह्योच दिसतोय. तिच्या हनवटीवर एक वण व्हता, उंबऱ्यावर पडलेला. डाव्या अंगाला का उजव्या, मला सांगता येत न्हाई. फोटूत न्हाई तर माझ्या डोळ्यातूनबी गेला. तिच्या हसण्याचा आवाज गेला. कान कसे व्हते, गेले. मी लई हुडकते. रोज दिवा लावून हुडकते. म्होरं ही येती."

तिनं तनुजाकडं बोट केलं नाही, पण कोण ते सगळ्यांना कळलं.

"हिच्याकडं बघावं तर वाटतं, तुझ्यापायीच ती गेली. लेकराचा काय गुन्हा हाय? काय बी न्हाई. म्हून मी हिच्याकडं लई बघत न्हाई." ती थांबली. "ह्यो उतरवला तर खोटीबी जाईल. मंग माझ्यापाशी काय ऱ्हाईल, तुम्हीच सांगा."

चहा निवून गेला होता, तो आम्ही तसाच प्यालो.

तनुजा आत आली. आईच्या हातातली फ्रेम तिनं घेतली, अजीजनं सोडलेल्या कागदात पुन्हा गुंडाळली आणि पलंगाखालची पेटी ओढून कपड्यांच्या खाली ठेवली. मग आमच्या कपबशा उचलून धुवायला गेली. आम्ही निघालो तेव्हा ती मोरीवरच होती. "येते सोमवारी क्लासला," एवढं तिथूनच म्हणाली, आणि आली नाही. नंतर कळलं, तिनं नांदेडला मावशीकडं राहून शिकायचं ठरवलं. पुढं तिचं काय झालं मला माहीत नाही. सिंधुबाईलाही फारसं माहीत नसतं.

अजीजनं त्यानंतर माणसांचे फोटो काढले नाहीत. खुंटीवरचा कोट गेला, झेरॉक्सचं मशीन आलं. गिऱ्हाईक फोटो मागायला आलं की तो पुढच्या गल्लीतलं दुकान दाखवायचा. तो कॅमेरा कुठं आहे हे भाभीलाही माहीत नाही. त्याच्याशी मी भांडून पाहिलं, खिळे ठोकून पाहिले. पलीकडून काही आवाज आला नाही. मागच्या वर्षी पौषात तो गेला. शेवटी शेवटी फार कमी बोलायचा.

पण त्या दिवशी किल्लारीहून परत येताना तो बोलला होता. जीप भरलेली होती, आम्ही मागं दाटीवाटीनं बसलो होतो. औसा आल्यावर तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला,

"मलप्पा, त्या दिशी फोटो बिघडला असता तर? हात हलला असता, सेल संपले असते, काय बी झालं असतं तर? बाई रडून घरी गेली असती. पोर तिच्या डोळ्यात ऱ्हायली असती. आयुष्यात एकच फोटो मला मनासारखा जमला रं."

त्याच्याशी वाद घालायला मला आयुष्यभर कधी शब्द कमी पडले नव्हते. मी पुष्कळ शोधले. मग जीप लातुरात शिरली, आणि आम्ही उतरून आपापल्या दुकानाकडं चालू लागलो.